गोळीचा हिशेब कोण देणार?

देवास जिल्ह्याच्या बागली तहसिलीत, घाटाखालच्या पट्ट्यात, मेहंदीखेडा नावाचे गाव आहे. २ एप्रिल २००१ रोजी तेथे पोलिसांच्या गोळीबारात चार आदिवासी ठार झाले. त्याआधीचे काही दिवस पोलीस, वनखाते आणि महसूल खाते यांची मोठी फौज त्या भागातल्या गावागावांतून फिरत होती आणि घरे पाडत होती. सरकारचे म्हणणे असे की ही घरे जंगलातून चोरलेल्या सागवानाची आहेत, माणसे अतिक्रमण करून राहिली आहेत, आणि जमाव अंगावर चालून आला म्हणून गोळी चालवावी लागली. गावकऱ्यांचे म्हणणे असे की आमची घरे पाडली जात होती, ती वाचवायला आम्ही गोळा झालो होतो.

यातले खरे कोणते, हा निवाडा या लेखात करायचा नाही. प्रश्न एवढाच आहे की हा निवाडा करण्याचे काम आपल्या व्यवस्थेने कोणाकडे सोपवले आहे? ज्याने गोळी चालवली, बहुतेक वेळा त्याच्याच खात्याकडे. आणि त्याच्यावर खटला भरायचा की नाही हे कोणी ठरवायचे? ज्या सरकारने त्याला तेथे पाठवले, त्याच सरकारने. माझे भांडण या दोन गोष्टींशी आहे.

आपल्याला काय त्याचे?

मंडळातल्या काही ज्येष्ठांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "ते जंगलातले प्रकरण, आपला त्याच्याशी काय संबंध? आपण धार-देवासची पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. आपल्या घरावर कोण गोळी चालवायला येणार?"

वाचक हो, आपण पवारांच्या दरबाराबरोबर या मुलुखात आलो. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार एकाच गावात नांदले, धारला एक दरबार नांदला, आणि १९४८ साली सगळे मध्यभारतात विलीन झाले. त्या दरबारांच्या सनदांवर बांधलेले कितीतरी वाडे आज नझूलच्या वहीत कसे नोंदले आहेत, नामांतरणाची किती प्रकरणे तहसील कचेरीत धूळ खात पडली आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला माहीत आहे. आजोबांच्या नावाची सनद पेटीत आहे, पण आजच्या खात्यात नाव नाही, अशी घरे मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत. कागद नसलेले घर म्हणजे अतिक्रमण, हे सूत्र एकदा मान्य केले की ते फक्त घाटाखाली थांबेल याची हमी कोण देणार?

शिवाय "अतिक्रमण" हा शब्द किती कच्चा असतो तेही पाहा. ज्यांना २००१ साली अतिक्रमक म्हटले गेले, त्यांच्यासारख्यांसाठी संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क मान्य करण्याची सोय त्यात झाली. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच लिहिलेले आहे. म्हणजे आज गुन्हेगार ठरवलेला माणूस पाच वर्षांनी हक्कदार ठरू शकतो. मात्र मेलेला माणूस दावा दाखल करायला येऊ शकत नाही.

आणि लाकूड चोरीचेच होते असे क्षणभर धरून चला. वन अधिनियमात त्याला दंड आहे, कैद आहे, माल जप्त करण्याची तरतूद आहे. मृत्यूची शिक्षा त्या कायद्यात कोठेही नाही.

नोंद करणारा आणि तपासणारा

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे एक साधा नियम आहे. जो नोंद करतो तो ती मंजूर करत नाही. एक मेकर, दुसरा चेकर. दोन्ही कामे एकाच माणसाने करायची म्हटली तर संगणक ती करूच देत नाही. तिजोरीला दोन चाव्या, त्या दोघांकडे. हा नियम माणसे चोर आहेत म्हणून केलेला नाही. चांगल्या माणसालाही स्वतःची चूक दिसत नाही, आणि दिसली तरी लपवावीशी वाटते, म्हणून केला आहे.

आता गोळीबारानंतर काय होते ते पाहा. पहिली नोंद त्याच थान्यात होते. ती बहुधा मेलेल्यांच्या आणि जखमींच्या विरुद्ध असते: बेकायदा जमाव, सरकारी कामात अडथळा, जिवे मारण्याचा प्रयत्न. पंचनामा त्याच खात्याचा, साक्षीदार बरेचदा त्याच तुकडीतले. मेकरही तोच आणि चेकरही तोच.

हे जुन्या काळचे नाही. मार्च २०२३ मध्ये आपल्या धार जिल्ह्याला लागून असलेल्या महूजवळ, डोंगरगाव पोलीस चौकीसमोर, एका आदिवासी तरुणीच्या मृत्यूवरून लोक जमले. पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला. त्यानंतर जो गुन्हा नोंदला गेला त्यात त्या मेलेल्या तरुणाचेच नाव आरोपींत होते, आणि त्या तरुणीच्या आईवडिलांचेही. मुलगी गेली ती गेली, वर आईबाप आरोपी. बँकेत असे व्हाऊचर कोणी पुढे केले असते तर त्याच संध्याकाळी चौकशी लागली असती.

कायद्यात उपाय नाहीत असे नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९७ सालीच राज्यांना यासंबंधी सूचना दिल्या. पुढे २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात, पोलीस चकमकीतल्या मृत्यूंसाठी सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गुन्हा नोंदवलाच पाहिजे. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या थान्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. हत्यारे तपासणीसाठी जमा करायची. घटना संशयातीत ठरेपर्यंत शौर्यपदक किंवा आगाऊ बढती द्यायची नाही. मेकर-चेकरचाच हा नियम न्यायालयाने पोलिसांना लावला. पण सीआयडी ही सुद्धा त्याच राज्याची पोलीस. चेकर बदलला, शाखा तीच राहिली.

परवानगीचे कुलूप

समजा तपास नीट झाला, पुरावाही मिळाला. तरी खटला सुरू होईलच असे नाही. सरकारी कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९७ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ आहे. नव्या कायद्याने एक सुधारणा केली, ती मान्य केली पाहिजे: १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरायचे. पण बेकायदा जमाव पांगवताना झालेल्या गोळीबारासाठी वेगळे संरक्षण आहे. ते जुने कलम १३२, आताचे १५१. त्यात ही मुदत लिहिलेली नाही. आणि लोक आपल्या घरासमोर गोळा झाले की कागदोपत्री त्यांचा जमाव व्हायला कितीसा वेळ लागतो?

तुलना करून पाहा. राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी हा सुद्धा लोकसेवक. पण त्याला कलम १९७ चे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले आहे. भ्रष्टाचाराच्या कायद्याची गोष्ट वेगळी. पण फसवणूक, खोटे कागद अशा गुन्ह्यांत तो सामान्य नागरिकासारखा कोर्टात उभा राहतो. कॅशियरच्या गल्ल्यात तूट आली तर ती त्याच्याकडून वसूल होते. नोट हाताळणाऱ्याला जे संरक्षण नाही ते बंदूक हाताळणाऱ्याला आहे. माणसाचा जीव नोटेपेक्षा स्वस्त आहे काय?

दुसऱ्या बाजूला घरमालकाचे हात कायद्याने कसे बांधले आहेत तेही पाहा. स्वतःच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण लोकसेवक सद्हेतूने, आपल्या पदाच्या नावाने काही करत असेल, तर ते कृत्य कायद्यात काटेकोरपणे बसत नसले तरी त्याच्याविरुद्ध हा अधिकार नाही. अपवाद एकच: मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटली तर. हे दंडसंहितेचे कलम ९९ होते, न्यायसंहितेत ते ३७ आहे. यात गैर काही नाही. प्रत्येकजण पोलिसांशी मारामारी करू लागला तर राज्य चालणार नाही. पण मग सौदा दोन्ही बाजूंनी हवा. नागरिकाने दारात हात उचलायचा नाही असे कायदा म्हणतो, तर नंतर न्यायालयात तरी त्याला सरळ वाट मिळाली पाहिजे. दारात हातही बांधलेले आणि कोर्टाला कुलूपही, याला सौदा म्हणत नाहीत.

नुकसानभरपाई मिळते, असे कोणी म्हणेल. मिळते. १९९३ साली निलबती बेहेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश ओरिसा सरकारला दिला आणि ही वाट सर्वांसाठी मोकळी केली. पण तो पैसा खजिन्यातून जातो, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. ज्याने चूक केली त्याच्या पगाराच्या पत्रकावर त्याची खूणही राहीलच असे नाही.

आयोग, अहवाल आणि कपाट

प्रत्येक गोळीबारानंतर एक घोषणा ठरलेली असते: चौकशी आयोग. लोक शांत होतात आणि घरी जातात. १९५२ चा चौकशी आयोग अधिनियम काय म्हणतो ते मात्र थोड्यांनाच माहीत असते. आयोग शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाही. आयोगापुढे दिलेली जबानी नंतर त्या साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. एकच गोष्ट सरकारवर बंधनकारक आहे: अहवाल, त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत विधानसभेपुढे ठेवणे.

तेवढे तरी होते काय? मंदसौर जिल्ह्यात ६ जून २०१७ रोजी शेतकरी आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मेले. न्यायमूर्ती जे. के. जैन यांच्या आयोगाने २०१८ साली अहवाल दिला आणि पोलिसांना निर्दोष ठरवले. तो अहवाल विधानसभेपुढे ठेवावा एवढ्या मागणीसाठी माजी आमदार पारस सकलेचा यांना न्यायालयात जावे लागले. इंदूर खंडपीठाने २०२४ साली याचिका फेटाळली, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर राज्य सरकारला नोटीस काढली. कायद्याने सहा महिने दिले होते. वर्षे किती गेली ते वाचकांनी मोजावे.

बैतूल जिल्ह्यातले मुलताई तर आपल्या मराठी माणसांच्या ओळखीचे गाव, तापीचे उगमस्थान. १२ जानेवारी १९९८ रोजी तेथे पीक बुडालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि चोवीस माणसे गेली. खटले चालले ते आंदोलकांवर. २०१२ साली आंदोलनाचे नेते डॉ. सुनीलम यांना जन्मठेप सुनावली गेली. गोळी चालवणाऱ्या वा चालवायला सांगणाऱ्या एकालाही शिक्षा नाही. मुलताईच्या वेळी सरकार काँग्रेसचे होते, मेहंदीखेड्याच्या वेळीही काँग्रेसचे. मंदसौर आणि महूच्या वेळी भाजपचे. झेंडा बदलतो, कपाट तेच राहते. म्हणून या प्रश्नावर आपापल्या पक्षाची बाजू घेऊन भांडू नये, ही विनंती.

मुंबईचे उदाहरण

कधीच काही होत नाही असेही नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. माणसे आपल्याच वस्तीत, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर मेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका ठेवला. खटला झाला आणि मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. बारा वर्षे लागली. शिक्षेनंतर काही दिवसांतच उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. तरी एक गोष्ट सिद्ध झाली: वस्तीने मागे लागायचे सोडले नाही, तर आयोगाचा कागद कपाटातून निघून कोर्टात पोहोचू शकतो.

श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत लुईव्हिल शहरी मार्च २०२० मध्ये पोलीस रात्री दार फोडून ब्रिओना टेलर या तरुणीच्या घरात शिरले. चोर आले असे समजून तिच्या मित्राने गोळी झाडली, उलट आलेल्या गोळ्यांत ती मेली. शहराने एक कोटी वीस लाख डॉलर भरले. जुलै २०२५ मध्ये एका पोलिसाला तेहतीस महिन्यांची कैद झाली, तीही खिडकीतून बेछूट गोळीबार केल्याबद्दल. जिच्या घरात शिरले तिच्या मृत्यूबद्दल मात्र कोणावरही मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला नाही. तेव्हा "आपला देश असाच" असे म्हणून हात झटकू नयेत. सत्ता आणि बंदूक जेथे एकत्र येतात तेथे चेकर बाहेरचा नेमावाच लागतो.

मनोधैर्याचा मुद्दा

यावर एक उत्तर नेहमी मिळते: अशाने पोलिसांचे मनोधैर्य खचेल. आपल्या समाजातलीही मुले पोलीस खात्यात आहेत, त्यांच्या आईवडिलांना हा मुद्दा मनापासून पटतो. त्यांना मी आदरपूर्वक सांगतो. बँकेत रोज तपासणी होते, दरवर्षी ऑडिट होते, तक्रार झाली की दक्षता विभाग येतो. म्हणून काउंटर बंद पडत नाही. उलट ज्याची वही स्वच्छ आहे त्याला ऑडिटचा आधारच असतो. वरून चुकीचा आदेश आला तर प्रामाणिक शिपाई कशाच्या बळावर "लेखी द्या" म्हणणार? उद्या हिशेब द्यावा लागेल, या एका नियमाच्या बळावर. जबाबदारी नसेल तर तोंडी आदेश देणारा मोकळा सुटतो, आणि पाप शिपायाच्या माथी राहते.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्याबाबत निकाल दिला: पंधरा दिवसांची नोटीस हवी, आणि नियम मोडून घर पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च अधिकाऱ्याकडून वसूल होईल. रस्ते, पदपथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामे त्यातून वगळली आहेत, तरी तत्त्व मोठे आहे. विटांसाठी अधिकारी व्यक्तिशः जबाबदार ठरतो. मग त्या विटांच्या आत राहणाऱ्या माणसासाठी का ठरू नये?

आपण काय करायचे

माझ्या मागण्या तीन. पहिली: पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की तपास राज्य पोलिसांच्या बाहेरच्या यंत्रणेकडे, आणि तोही आपोआप, अर्ज न करता. दुसरी: कलम २१८ मधली १२० दिवसांची मुदत कलम १५१ लाही लावावी. तिसरी: चौकशी आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहात आला नाही तर तो आपोआप जनतेसाठी खुला व्हावा. आपल्या आमदारांना, पक्ष कोणताही असो, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे.

एक काम मात्र आमदारांवाचून होण्यासारखे आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ८(३) आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, सार्वभौमत्व व सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढे अपवाद सोडले, तर द्यावीच लागते. "तपासात अडथळा येईल" ही सबब वीस वर्षांनंतर चालत नाही. मेहंदीखेड्याला एप्रिल २०२१ मध्येच वीस वर्षे पूर्ण झाली.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी हा ठराव ठेवत आहे. देवासच्या जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयांकडे मंडळाच्या सभासदांनी अर्ज करावा. विचारावे: २ एप्रिल २००१ रोजी गोळीबाराचा आदेश कोणी दिला? लेखी होता की तोंडी? किती फैरी झाडल्या, शस्त्रागाराच्या नोंदवहीत किती काडतुसे बाहेर गेली आणि किती परत आली? गुन्हे कोणाविरुद्ध नोंदवले आणि कोणाविरुद्ध नाही? खुनाच्या गुन्ह्याला कायद्याने मुदत नसते, हेही ध्यानात असू द्या.

अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. ते मी भरतो. सही करायला माझ्याबरोबर कोण येते ते कळवावे.